सर्रिअल एचिंगवर प्रतिसाद लिहायचाय? अर्थ सगळ्यात शेवटी

सर्रिअल, म्हणजे अतिवास्तववादी, स्वप्नासारखं एचिंग (धातूच्या प्लेटवर ॲसिडने रेषा कोरून कागदावर छापलेलं चित्र) समोर ठेवलं आणि यावर काहीतरी लिहा म्हटलं की बहुतेक जण पहिल्याच वाक्यात अर्थावर उडी मारतात. घड्याळ म्हणजे काळ, पक्षी म्हणजे स्वातंत्र्य, जिना म्हणजे प्रगती, आणि शेवटी "कलाकाराने अवचेतन मनाचं प्रभावी दर्शन घडवलं आहे" असं लिहून मोकळे. ते वाचून चित्र कसं आहे हे कुणालाच कळत नाही आणि खरं सांगायचं तर लिहिणाऱ्यालाही ते भेटलेलं नसतं. काही जण याच्या उलट, "मला यातलं काही कळत नाही" म्हणून एका ओळीत आटोपतात. दोघांचीही गडबड एकाच जागी होते, ती म्हणजे क्रम. अर्थ हे शेवटचं काम आहे आणि आपण ते पहिलं करायला जातो.

खालचे टप्पे याच क्रमाने करा, निदान पहिल्या दोनचार चित्रांना तरी. उदाहरण म्हणून मी जर्मन चित्रकार माक्स क्लिंगरचं १८८१ साली प्रसिद्ध झालेलं एक एचिंग घेतलंय. सर्रिअलिझम या कलाचळवळीचा जाहीरनामा आला १९२४ ला, म्हणजे हे त्याच्या बरंच आधीचं, पण स्वप्नासारखं चित्र कसं बांधतात ते यात अगदी उघड दिसतं म्हणून सरावाला उत्तम. त्याचं नाव आत्ता सांगत नाही, सहाव्या टप्प्यात सांगते, आणि तुम्हीही तोपर्यंत शोधू नका.

तयारी

शक्य असेल तर मूळ प्रिंट बघा. म्युझियममध्ये कागदावरच्या कामांना मुद्दाम कमी उजेड देतात, साधारण ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आसपास, त्यामुळे आत गेल्या गेल्या सगळं मळकट करडं दिसतं. डोळ्यांना पाच मिनिटं द्या आणि मगच चित्रासमोर उभे राहा. काचेत स्वतःचंच तोंड दिसत असेल तर थोडं बाजूला सरका. बाजूने बघितलं की अजून एक गोष्ट दिसते, प्लेट दाबली गेल्याची कागदावर उठलेली चौकट आणि गडद रेषांमध्ये किंचित उचललेली शाई, आणि हे स्क्रीनवर कधीच दिसत नाही.

स्क्रीनवर बघणार असाल तर आधी चित्राचं माप शोधा, सेंटिमीटरमध्ये. तेवढा कोरा कागद कापून स्क्रीनशेजारी ठेवा. ही पायरी लोक हमखास गाळतात. बरीचशी एचिंग हातात धरून बघण्याएवढी लहान असतात आणि आपण ती भिंतीएवढी झूम करून "भव्य", "अंगावर येणारं" असं काहीबाही लिहितो. झूम जरूर करा, रेषा बघायला करावाच लागतो, पण परिणामाबद्दल लिहाल ते कागदाच्या मापावरूनच लिहा.

वहीत तीन पानं वेगळी काढा आणि वर लिहा: दिसतं, आठवतं, माहीत आहे. पुढचं सगळं काम या तीन पानांवर आहे आणि ती एकमेकांत मिसळली की प्रतिसाद बिघडलाच म्हणून समजा. पेन नको, पेन्सिल घ्या, कारण बऱ्याच ठिकाणी प्रिंट्सजवळ पेन चालत नाही.

*सावध:* शेजारची पाटी, कॅप्शन, शीर्षक, काहीच वाचू नका. नजर गेलीच तर हाताने झाका. एकदा शीर्षक वाचलं की डोळे फक्त ते सिद्ध करणाऱ्याच गोष्टी शोधत बसतात.

१. पहिली नजर: एक मिनिट, जास्त नाही

एका वेगळ्या पानावर तीनच गोष्टी टिपा. नजर आधी कुठे गेली, मग कुठे गेली, आणि कुठे अडकली. त्याच्यापुढे शरीराला काय झालं ते एका शब्दात लिहा, म्हणजे मान मागे गेली का, जवळ जाऊन बघावंसं वाटलं का, किळस आली का. सुंदर, गूढ, अप्रतिम, विचित्र हे शब्द या मिनिटात बंद, कारण ते चित्राबद्दल काहीच सांगत नाहीत आणि एकदा लिहिले की पुढचं सगळं त्यांच्याच मागे जातं.

लिहून झालं की पान उलटा. ते परत शेवटीच उघडायचंय.

२. नुसती नावं लिहा

आता "दिसतं" या पानावर या. चित्राच्या एका कोपऱ्यातून सुरुवात करून ओळीने दुसऱ्या टोकापर्यंत जा आणि जे दिसेल त्याची यादी करा, विशेषण न लावता. पंधरा मिनिटं तरी द्या. पाच मिनिटांत संपलं असं वाटेल पण खरी मजा त्यानंतरच सुरू होते, पार्श्वभूमी म्हणून सोडून दिलेल्या भागात काहीतरी असतंच.

क्लिंगरच्या चित्राची यादी साधारण अशी होते: काळोख. खिडकी. फुटलेली काच. काचेतून बाहेर आलेले दोन हात. हवेत पंखांचा एक प्राणी. त्याच्या तोंडात हातमोजा. खाली झुडूप, फुलं.

प्राण्याचं नाव येत नसेल तर ओढूनताणून देऊ नका. "पंख आहेत, शेपूट आहे, पक्षी नाही" एवढंच लिहा. या प्रकारच्या चित्रांत ज्या गोष्टीला नाव नाही तिला बिननावाचंच ठेवावं लागतं, ड्रॅगन किंवा राक्षस म्हटलंत की ती ओळखीची होऊन जाते आणि चित्राचा अर्धा जोर तिथेच संपतो.

मग यादीखाली दुसरी छोटी यादी करा, काय नाही त्याची. इथे चेहरा नाही. हात आहेत पण हातांचा मालक दिसत नाही. ही नसलेल्या गोष्टींची यादी फार कमी लोक करतात, मला तर ती पहिल्या यादीपेक्षा महत्त्वाची वाटते.

*तपासा:* चित्र न पाहिलेल्या कुणालातरी यादी वाचून दाखवा आणि त्यावरून कच्चं स्केच काढायला सांगा. झुडूप हवेत गेलं, हात खिडकीच्या आत राहिले, तर यादीत जागा लिहायच्या राहिल्यात. कशाच्या वर, कशाच्या मागे, कुठे कापलेलं, ते भरा.

३. काळं कुठे आहे ते वाचा

इथे थोडं तंत्र समजून घ्यावं लागतं, कारण एचिंगमध्ये काळेपणा आपोआप येत नाही, तो ठरवून आणावा लागतो. तांब्याच्या किंवा जस्ताच्या प्लेटवर मेणासारखा थर लावतात, सुईने तो खरवडून चित्र काढतात आणि प्लेट ॲसिडमध्ये बुडवतात. जिथे धातू उघडा पडलाय तेवढाच भाग ॲसिड खातं. थोड्या वेळाने प्लेट बाहेर काढून ज्या रेषा फिकट ठेवायच्यात त्या व्हार्निशने झाकतात आणि प्लेट परत ॲसिडमध्ये जाते, असं हवं तितक्या वेळा. जी रेषा जास्त वेळ राहिली ती खोल, खोल म्हणून शाई जास्त धरते, म्हणून कागदावर जास्त काळी. म्हणजे अशा चित्रातली सगळ्यात काळी रेषा ही बहुधा सगळ्यात जास्त वेळ दिलेली रेषा असते.

आता चित्राकडे परत बघा आणि लिहा, सगळ्यात काळं काय आहे? सगळ्यात फिकट, जेमतेम टिकलेलं काय आहे? कागद पूर्ण कोरा कुठे सोडलाय? रेषांऐवजी नुसता दाणेदार करडा पट्टा दिसत असेल तर ते ॲक्वाटिंट, त्यात प्लेटवर राळेची पूड चिकटवून ॲसिड देतात आणि रेषेशिवाय छटा मिळते. रेषेच्या कडा मखमलीसारख्या पसरलेल्या दिसल्या तर थेट सुईने धातू ओरखडलेला असू शकतो, त्याला ड्रायपॉइंट म्हणतात. कापडाची वीण किंवा पानाच्या शिरा जशाच्या तशा उमटल्या असतील तर मऊ थरावर खरी वस्तू दाबलेली असण्याची शक्यता असते. ही नावं पाठ नसली तरी चालेल, फरक दिसला पाहिजे.

या टप्प्यातला सगळ्यात कामाचा प्रश्न मात्र हा आहे: जी गोष्ट अशक्य आहे ती बाकीच्यांपेक्षा वेगळ्या रेषेत काढलीय की तितक्याच बारकाईने? क्लिंगरचा तो उडणारा प्राणी खिडकीइतकाच काळजीपूर्वक काढलेला आहे, कुठेही धूसर नाही, "हे आपलं कल्पनेतलं बरं का" असा इशारा नाही. लोक "स्वप्नवत" म्हटलं की धुकं, अस्पष्टपणा असं लिहितात आणि इथेच गाडी घसरते. या परंपरेतली बरीच चित्रं स्वच्छ, स्पष्ट, टोकदार असतात आणि भीती त्या स्पष्टपणामुळेच वाटते.

*सावध:* प्लेटवर काढलेलं कागदावर आरशासारखं उलटं छापलं जातं. त्यामुळे "डाव्या हातात धरलंय म्हणजे..." असले अर्थ काढण्याआधी थांबा. स्पॅनिश चित्रकार गोयाच्या १७९९ च्या मालिकेतल्या, टेबलावर डोकं टाकून झोपलेला माणूस आणि मागे घुबडं-वटवाघळं असलेल्या ४३ व्या चित्रात टेबलाच्या बाजूवरची अक्षरं आपल्याला सरळ वाचता येतात, कारण प्लेटवर ती उलटी काढलेली होती. म्हणजे कलाकाराला हे पक्कं माहीत असतं, पण प्रत्येक जण प्रत्येक वेळी त्याचा हिशेब ठेवतोच असं नाही.

४. मोडलेला नियम शोधा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

स्वप्नासारख्या चित्रात सगळंच विचित्र नसतं. बहुतेक गोष्टी साध्या असतात आणि एखाददुसरा नियम मोडलेला असतो. म्हणून आधी न मोडलेले नियम मोजा. खिडकी खिडकीसारखी आहे. हात माणसाचे आहेत, बोटं बरोबर आहेत. झुडूप झुडपासारखं, हातमोजा हातमोज्यासारखा. आता एकेक करून विचारा: मापं बरोबर आहेत का, वजन आहे का म्हणजे जड वस्तू खाली टेकलेली आहे का, सावल्या एकाच उजेडाच्या आहेत का, आत आणि बाहेर नीट वेगळं आहे का, दगड दगडासारखा आणि कापड कापडासारखं वागतंय का, आणि एकाच क्षणात दोन वेगळे काळ तर दिसत नाहीत ना. सावल्यांचं तर पेन्सिलने खरंच करून बघा, प्रिंटआउटवर प्रत्येक सावलीची दिशा बाणाने दाखवा, बऱ्याचदा एक बाण भलतीकडेच जातो आणि अस्वस्थ का वाटत होतं ते कळतं.

क्लिंगरच्या चित्रात पटकन डोळ्यात भरतो तो प्राणी, आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. थोडं पुढे जा. प्राण्याने नेलंय काय? हातमोजा. आणि तेवढ्यासाठी ते हात काच फोडून बाहेर आलेत. मोडलेला नियम माझ्या मते हा आहे, वस्तू क्षुल्लक आणि आकांत जीव गेल्यासारखा. प्राणी काढून तिथे साधा कावळा ठेवला तरी ही विसंगती तशीच राहील. हे असं "काढून बघणं" प्रत्येक चित्राला करा: एखादी गोष्ट बोटाने झाका आणि बघा चित्र साधं होतं का. ज्या गोष्टीला झाकल्यावर सगळं साधं होऊन जातं, नियम तिथे मोडलाय.

जिथे एक गोष्ट दुसरी होते, हाताची फांदी, केसांचं पाणी, तिथे तो सांधा शोधा. बोट फिरवत जा आणि नेमक्या कुठल्या रेषेपासून हात संपला ते लिहा. कधी सांधा लपवलेला असतो तर कधी मुद्दाम उघडा ठेवलेला, आणि या दोन्हींचा परिणाम फार वेगळा होतो.

*सावध:* स्वप्नांच्या अर्थांची यादी, दात पडणे म्हणजे अमुक आणि पाणी म्हणजे तमुक, ती इथे उघडू नका. मनोविश्लेषक फ्रॉइडचं नाव घेऊन लोक हे करतात, पण त्याच्या पद्धतीचा पाया असा होता की स्वप्नातल्या एकेका तुकड्यावरून काय आठवतं ते स्वप्न पाहणाऱ्याला विचारायचं. इथे विचारायला स्वप्न पाहणारा समोर नाहीये. शिवाय चित्र हे झोपेत पडलेलं स्वप्न नाही, जागेपणी ॲसिडचा वेळ मोजत केलेलं काम आहे.

अजून एक. काही चित्रांत आधी वस्तू ठरलेलीच नसते. स्टॅनली विल्यम हेटर या ब्रिटिश प्रिंटमेकरने १९२७ मध्ये पॅरिसला सुरू केलेल्या स्टुडिओत, जो पुढे आतलिए १७ म्हणून ओळखला गेला, मिरो, माक्स अर्न्स्ट, मासाँ अशा सर्रिअल चित्रकारांनी काम केलं. तिथे आधी न ठरवता रेषा सोडायची आणि ती कुठे नेते ते बघायचं यावर भर होता. धातूत थेट कोरायच्या अवजाराने काम करताना तर हात फार हलत नाही, प्लेटच फिरवतात. अशी वळणदार, कुठून सुरू झाली ते न कळणारी रेषा दिसली तर चित्र उलटं करून बघा. उलटं केल्यावरही ते तोल सांभाळत असेल तर आकृती बहुधा रेषेतून नंतर सापडलेली आहे, मग तिथे प्रतीकं शोधण्यापेक्षा ती रेषा कुठे जोरात गेली, कुठे अडखळली, कुठे परत फिरली त्याच्यावर लिहा.

५. "आठवतं" पान

आता स्वतःचं. कुठली जागा, कुठला वास, कुठलं जुनं स्वप्न, कुणाचं वाक्य आठवलं ते मोकळेपणाने लिहा, इथे चूक-बरोबर काही नाही. अट एकच, प्रत्येक आठवणीपासून "दिसतं" पानावरच्या एका नावापर्यंत रेघ ओढता आली पाहिजे. फुटलेल्या काचेवरून आठवलं, हातांवरून आठवलं. जिची रेघ कुठेच पोचत नाही ती आठवण खरी असेल, पण या चित्राची नाही, तिला दुसरीकडे जागा द्या.

६. आता बाहेरची माहिती

शीर्षक, साल, तंत्र, पाटीवरचा मजकूर, सगळं आता वाचा आणि तिसऱ्या पानावर टाका. कागदाच्या खाली पेन्सिलने १२/५० असं काही असेल तर त्याचा अर्थ पन्नास प्रतींपैकी बारावा क्रमांक एवढाच, त्यावरून दर्जा ठरवू नका.

क्लिंगरच्या चित्राचं नाव "अपहरण", आणि ते दहा एचिंगच्या "हातमोजा" नावाच्या मालिकेतलं नववं आहे. मालिका सुरू होते स्केटिंगच्या रिंकवर, तिथे एका बाईचा हातमोजा पडतो आणि एक माणूस तो उचलतो. हे कळल्यावर आधी लिहिलेलं खोडायचं नाही. खाली फक्त लिहा, काय बदललं? हात कुणाचे असतील याचा अंदाज आला, पण तो आकांत कमी झाला का? माझ्यासाठी तरी नाही, उलट वाढला, कारण मूळ घटना किती छोटी होती ते कळलं.

*सावध:* फिकटपणाला मूड समजू नका. प्रती काढता काढता प्लेट झिजते, ॲक्वाटिंट आणि ड्रायपॉइंट तर लवकर झिजतात. गोयाच्या त्या मालिकेच्या आवृत्त्या त्याच्या मृत्यूनंतरही निघत राहिल्या आणि उशिराच्या प्रतींमध्ये करडे भाग विरलेले दिसतात. "कलाकाराने उदासपणासाठी फिकट छटा वापरल्या" असं लिहिण्याआधी प्रत कुठल्या वेळची आहे ते बघा, शक्य असेल तर दुसरी प्रत शेजारी ठेवून बघा.

कलाकाराचं चरित्र सापडलं की मोह होतो, आजारपण, युद्ध, प्रेमभंग, आणि सगळं चित्र त्याच्यावर टांगून मोकळं व्हायचं. चरित्रातली तीच गोष्ट घ्या जी चित्रातल्या एखाद्या ठरावीक जागेबद्दल काही सांगते.

७. लिहायला बसा

सुरुवात साल आणि नावाने करू नका. पहिल्या मिनिटाचं पान उघडा, नजर जिथे अडकली होती तिथून सुरू करा. मग तिथे काय आहे, कुठला नियम मोडलाय, तो कुठल्या रेषेने आणि काळ्याने मोडलाय, मग एखादी आठवण, मग गरजेपुरती माहिती. अर्थाबद्दल म्हणायचं असेल ते सगळ्यात शेवटी आणि "मला असं वाटतं" म्हणून. प्रश्न उरला असेल तर तसाच राहू द्या, त्याला जबरदस्तीने उत्तर चिकटवू नका.

चुकीचं असं दिसतं: "या चित्रात माणसाच्या मनातली सुप्त भीती आणि अपूर्ण इच्छा प्रतीकात्मक रीतीने मांडली आहे."

आणि जमलेलं साधारण असं: "माझी नजर हातांवर अडकली. काच फोडून ते बाहेर आलेत पण चेहरा कुठेच नाही, त्यामुळे कोण ओरडतंय ते कळत नाही, फक्त ओरडणं दिसतं. प्राणी नेतोय तो एक हातमोजा. त्या प्राण्याची रेषा खिडकीच्या रेषेइतकीच शांत आहे, जणू असा प्राणी रोजच येत असावा. मला घाबरवलं ते त्याने नाही, एवढ्याशा वस्तूसाठी एवढे पसरलेल्या त्या बोटांनी."

कवितेतून किंवा चित्रातून प्रतिसाद द्यायचा असेल तरी पहिले चार टप्पे हेच, फक्त शेवटी सगळं चित्र परत सांगत बसू नका. मोडलेला नियम एकच उचला आणि तो दुसऱ्या वस्तूवर लावून बघा. घोळक्यात चर्चा करायची असेल तर प्रत्येकाने "दिसतं" आणि "आठवतं" ही पानं आधी गुपचूप लिहून मग बोलावं, नाहीतर जो पहिला बोलतो त्याचंच चित्र सगळ्यांना दिसायला लागतं.

पाठवण्याआधी

लिहिलेलं चित्रासमोर मोठ्याने वाचा. प्रत्येक वाक्याला थांबा आणि चित्रातली जागा बोटाने दाखवा. बोट कुठेच ठेवता आलं नाही तर ते वाक्य बहुधा नुसतं सजावटीचं आहे, काढा. मग दुसरंच एखादं सर्रिअल चित्र उघडा आणि तोच मजकूर त्याच्यासमोर वाचा. जी वाक्यं तिथेही बिनतक्रार बसतात तीसुद्धा काढा. इथे बऱ्याच जणांचा अर्धा मजकूर जातो, जाऊ दे. उरलेलं दोनतीनशे शब्दांचं असलं तरी पुरतं. एक दिवस जाऊ द्या, मग तीन पानं बाजूला ठेवून फक्त चित्र आणि मजकूर शेजारी ठेवून एकदा बघा, नवीन काही दिसलं तर तारीख टाकून खाली जोडा आणि पाठवून द्या.